घरटी एक माणूस

७ फेब्रुवारी

पोचले एकदाची! धडगावच्या पुढे जीपमध्ये माणसं इतकी कोंबलेली की माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी बसून होती आणि घाटातल्या प्रत्येक वळणाला ती माझ्याकडे बघून कुरकुरत होती. जसा काही रस्ता मीच बांधला. साडीची पार लक्तरं झाली, पण शेवटच्या वळणावर खाली पाणी दिसलं आणि मी सगळं विसरले.

मी कळसाडीची. पाणी म्हणजे उसाला सोडलेला पाट, फार तर तापीचं पात्र. इथे धरणाचं फुगलेलं पाणी डोंगरांच्या फटीफटीत शिरलंय, पलीकडचा काठ नीट दिसतसुद्धा नाही. लोक समुद्र पाहायला कुठे कुठे जातात, मला तो नंदुरबार जिल्ह्यातच मिळाला. आणि समुद्रकाठचे पाहुणेही आहेत. पांढरे कुरव गुजरातच्या किनाऱ्याकडून नदीच्या कडेकडेने इथवर येतात म्हणे.

योगेंद्र फाटकाशी उभे होते, ‘जांभळीपाणी पाणपक्षी अभयारण्य’ या पाटीखाली. इथलं निसर्ग केंद्र ते कंत्राटावर सांभाळतात. लग्नाला जेमतेम तीन आठवडे झालेत, त्यामुळे दोघंही एकमेकांकडे बघून उगाच हसतो. स्थळ आलं आणि महिन्याभरात मी बोहल्यावर चढले. हुंडा नको, मानपान नको, अट एकच, मुलीने इथे येऊन राहायचं. रंजनाबाई काकूला लगेच शंका. म्हणाली, मुलात काहीतरी खोट असणार. खोट कसली? माणूस जरा लाजाळू आहे, एवढंच. ज्याला हुंड्यापेक्षा बायको जवळ हवी, असा नवरा काकूने पाहिलेला नाही, त्याला मी काय करू!

दोन खोल्या, वर पत्रे, पुढे ओटा. होडी चालवायला वीरसिंग, पर्यटकांच्या जेवणाला नानीबाई. दोघंही वरच्या पाड्यातले. नानीबाईने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग योगेंद्रकडे, आणि आपल्या बोलीत वीरसिंगला खूप काही सांगितलं. सूनबाई चांगली आहे म्हणते, असं त्याने मला सांगितलं. एवढंच म्हणायला तिला फारच शब्द लागले.

११ फेब्रुवारी

चक्रवाक ओळखता येऊ लागले. थापट्या बदकंसुद्धा. योगेंद्र काठावर दुर्बीण घेऊन बसतात आणि मी वीरसिंगबरोबर होडीतून जाते. हे उलटंच झालं. मी विचारलं, तर म्हणाले, “माले पानीनी सवय नही. तू जाय, वीरसिंग शे ना.”

पाण्याच्या अभयारण्याचे साहेब पाण्याला भितात! मी दिवसभर चिडवलं. मग लक्षात आलं की ते अंघोळही हातपंपाच्याच पाण्याने करतात आणि पाण्यापासून दगड टाकण्याच्या अंतरावर थांबतात. आईच्या भाषेत सांगायचं तर भलतं जपतात जिवाला.

होडी एका खाडीतून गेली. आत वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले, खाली जुनं जांभळीपाणी गाव आहे. धरणाचं पाणी आलं तेव्हा काही घरं सपाटीवरच्या वसाहतीत गेली, काही वर पाड्यावर. वीरसिंगचं घर वर गेलेल्यांपैकी. त्या खाडीत एकही पक्षी नव्हता. बाकी सगळ्या पाण्यावर नुसती जत्रा आणि तिथे साधा बगळाही नाही. मी विचारत होते तेवढ्यात खालून आवाज आला. ठक. ठक. ठक. गोठ्यासाठी खुंटा ठोकतात तसा. वीरसिंगने लगेच मोटर चालू केली आणि होडी खाडीबाहेर काढली.

१७ फेब्रुवारी

पाणी रोज थोडं उतरतंय. उन्हाळ्यापर्यंत असंच उतरत जातं म्हणे. खाडीत आता खांब दिसतात. शहाद्याहून आलेल्या एका कुटुंबाने विचारलं, इथे रिसॉर्ट बांधताय का? योगेंद्र हसले. म्हणाले, बुडालेल्या घरांचे सागाचे खांब आहेत, साग पाण्यात कुजत नाही.

मी शेतकऱ्याची मुलगी आहे. जुनं लाकूड आणि आज सोललेलं लाकूड मला लांबूनही कळतं. त्या खांबांची साल नुकती काढली होती. एकावर चीकसुद्धा ओला होता. रात्री जेवताना तसं सांगितलं, तर योगेंद्रनी भाकरीचा घास हातात तसाच धरून ठेवला. मग म्हणाले, ऊन पाण्यावर पडलं की असं चमकतं. लाजाळू माणसाला खोटंही धड बोलता येत नाही, पण मी विषय सोडून दिला. नवीन संसारात कशाला किरकिर.

२३ फेब्रुवारी

आजचा दिवस फार छान गेला. नानीबाईच्या घराचं छप्पर शाकारायचं होतं, म्हणून तिने लाह बोलावली होती. लाह म्हणजे काय, हे मला आज कळलं. घराचं किंवा शेताचं मोठं काम निघालं की आदल्या दिवशी दारोदार निरोप जातो आणि घरटी एक माणूस कामाला येतो. मजुरी नाही. काम झालं की घरधनी सगळ्यांना जेवू घालतो. त्या जेवणातला घास ज्याने खाल्ला, त्याने पुढची हाक आली की जायचं. कारण विचारायचं नाही. आजारी असेल तर घरातलं दुसरं कुणी जातं, पण घर रिकामं राहत नाही.

आमच्याकडे कापूस वेचायला माणसं मिळत नाहीत म्हणून बाबा कपाळ धरून बसतात. त्यांना हे सांगायला हवं. मी कौलं उचलून दिली, माती कालवली, उडदाची डाळ आणि भाकरी चोपून खाल्ली. बायका माझ्या मातीच्या हातांना हसल्या. वाटलं, आता मी इथली झाले.

योगेंद्र आले नाहीत. पण परत आल्यावर त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, की केंद्राच्या घरातर्फे तूच होतीस ना? त्यांनी तुलाच आपल्या घरचं माणूस धरलं ना? धरलं की, म्हटलं, तुमच्यापेक्षा मीच बरी. त्यावर ते इतके खूश झाले की मला जवळ घेऊन रडले. माझी एवढी माया वाटते या माणसाला! देवा, दृष्ट नको लागू देऊस.

१ मार्च

खाडीत एक घर उभं आहे.

खोटं लिहीत नाही. पाणी गुडघाभर राहिलंय तिथे आणि त्यात पुरतं घर आहे. भिंतींचे कुड विणलेले, अर्ध्यावर माती लिंपलेली. माती ओली असणारच, पाण्यातच आहे. पण लिंपताना उठलेली बोटं ताजी होती, आज कुणीतरी हात फिरवल्यासारखी. पाण्यात राहिलेली माती वाहून जाते, ही राहिली होती. शेजारी दुसऱ्या घराचे खांब रोवलेले. होडी पुढे न्यायला वीरसिंग तयार नव्हता. मी ओरडले तसा तो म्हणाला की वहिनी, दुसरं घर तुमचं नाही, पण हाक तुमच्याकडे येईल. आणि मग जीभ चावल्यासारखं तोंड फिरवून बसला.

४ मार्च

आज दुपारी झोप लागत होती. ऊन ओट्यावर आलेलं. कुणीतरी बाहेरून विचारलं. बोली नानीबाईची, पण आवाज तिचा नाही, घशात पाणी गेलेल्या माणसासारखा. तेवढी बोली मला आता कळते. घरातून कोण येतंय, असं विचारत होतं.

आणि माझ्या नवऱ्याने, पुढच्या खोलीतून, शांतपणे उत्तर दिलं, “दीपमाला येईल. माझी बायको.”

मी उठून बाहेर आले. ओट्यावर कुणी नव्हतं. पायऱ्यांपासून पाण्यापर्यंत ओली पावलं होती आणि एवढ्या उन्हात ती वाळत नव्हती. योगेंद्र म्हणाले की तुला स्वप्न पडलं असेल. माझ्याकडे बघत नव्हते. मी पावलं दाखवली, तर म्हणाले की वीरसिंग आला असेल.

वीरसिंगच्या उजव्या पायाचा अंगठा तुटलेला आहे. ही पावलं अख्खी होती.

५ मार्च

नानीबाईला गाठलं. तिच्या नव्या छपराखालीच बसलो, जे मी माझ्या हातांनी शाकारलं. सुरुवातीला ती कामाचं निमित्त करून उठत होती. मी तिचा हात धरून रडले, तेव्हा बोलली.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात पाणी पार तळाला गेलं होतं. योगेंद्र इथे नवा होता. भर दुपारी चिखलातून चालत खाडीत गेला. तिथे माणसं घर बांधत होती. त्यांनी बसवून घेतलं, पानावर वाढलं. हा पोटभर जेवला आणि वर येऊन वीरसिंगला कौतुकाने सांगू लागला की खालच्या गावातली माणसं फार दिलदार आहेत. खालच्या गावात माणसंच नाहीत. जी गाव न सोडता पाण्याबरोबर राहिली, तीच आहेत. त्यांना त्यांचं गाव परत उभं करायचंय आणि हात कमी पडतात.

आमच्या सपाटीवरच्या माणसाला जेवण म्हणजे पंगत वाटते. जेवलो, ढेकर दिला, निघालो. “लाहीचं खाल्लं त्याने,” नानीबाई म्हणाली. “आणि लाहीला नाही गेला.” हाक आली तेव्हा तो शहाद्याला पळून गेला होता. घर रिकामं म्हणून हाक पुढच्या दाराला गेली. ते दार वीरसिंगचं. त्याचा भाऊ भिला घरात होता. भिला कामाला गेला, आणि काम अजून संपलेलं नाही.

योगेंद्रचं देणं मात्र तसंच राहिलं. मग त्याने पाड्यातल्या सगळ्यांना विचारलं, की यातून सुटायचं कसं? कुणीतरी सांगितलं की घरातलं दुसरं माणूस गेलं तरी चालतं. पण त्याच्या घरात दुसरं माणूस नव्हतं.

“मग लगीन करायला गेला,” नानीबाई म्हणाली.

तिला माहीत होतं. मी जीपमधून उतरले त्या दिवशी माहीत होतं. वीरसिंगलाही. मी म्हटलं, मला सांगितलं का नाही? ती म्हणाली, तू नाहीस तर आमच्यातलं कुणी. तिने डोळे खाली घातले नाहीत. मला तिचा राग येतो, पण निदान ती खरं बोलली.

तो रडला होता त्या दिवशी. मला जवळ घेऊन रडला होता. मी देवाला म्हटलं होतं, दृष्ट नको लागू देऊस.

७ मार्च

आता अहोजाहो कुणासाठी? त्याला समोर बसवून विचारलं. नाकारलं नाही त्याने. माझे पाय धरले. “एकच दिवसनं काम शे. तू परत येशी. माले माफ कर.” भिला परत आला का, विचारलं. पाय आणखी घट्ट धरले. मला पाहायला आलास, आईच्या हातचे पोहे खाल्लेस, तेव्हाच ठरलं होतं? माझ्याविषयी एक दिवस तरी काही वाटलं का रे तुला? तेव्हा म्हणाला, वाटतं, म्हणूनच रोज रडू येतं.

त्याचं रडू! मी जाणार आणि रडू त्याचं.

टेकडीवरच्या मोहाखाली रेंज येते. तिथे जाऊन आईला फोन लावला. सगळं सांगितलं, जसं जमलं तसं. आई म्हणाली, “नवं नवं शे, रुसाफुगाचं चालस. जवाईना सकायमा फोन उना व्हता. होळीले दोन्ही येज्यात.” त्याने माझ्या आधीच फोन केला होता. मी भित्री आहे, मला इथे करमत नाही, काहीबाही बोलते, असं सांगून ठेवलं होतं. काकू एकटीच बरोबर होती आणि आम्ही सगळे तिला हसलो.

९ मार्च

जीप नाही. होळीच्या बाजारासाठी सगळ्या जीपा धडगावकडे. पाडा रिकामा होतोय, ढोल घेऊन लोक चाललेत. मी पायी निघाले. घाटाच्या पहिल्या वळणावर वीरसिंग बसला होता, दगडावर. मला पाहून उठला. वाटेत आडवा उभा राहिला फक्त. मी त्याला म्हटलं, माझा काय दोष? तो म्हणाला, भिलाचा काय होता? त्याने मला हाताला धरून परत आणलं, अगदी सांभाळून, लग्नात नवरीला आणतात तसं.

११ मार्च

दुसऱ्या घराचे वासे चढले. इथूनच दिसतात, दुर्बीण लागत नाही. माणसं दिसत नाहीत. एक वासा आपोआप उठतो आणि बसतो. ठक, ठक. कुरव सगळे उडून गेले. एकदम, आज सकाळी. पाणी नुसतं पडलंय —

माझ्या नखांत माती आहे. मी कुठे गेले नव्हते. धुते, पुन्हा येते. लिंपणाची माती, शेणाचा वास असलेली.

१२ मार्च

त्याने बाहेरून कडी घातली. दुपारपासून. म्हणाला, तुझ्याच भल्यासाठी, तू घाटात कुठे पडशील. दाराला पाठ लावून बसलाय, श्वास ऐकू येतो. जेवण दिलं नाही. म्हणजे विसरला. स्वतःचं विसरला नसेल.

नानीबाईचं एक बोलणं आठवत राहतं. निरोप आधी येतो आणि कामाच्या दिवशी पुन्हा एकदा हाक येते. तेव्हा घरातून ज्याचं नाव पुकारलं जाईल, तो जातो. नाव कुणीही पुकारलं तरी.

कुणीही.

१३ मार्च, सकाळ

होळी आज. दूर ढोल. भूक फार. माठात पाणी आहे, पण वासावरून खाडीचं आहे, पिणार नाही.

गळ्यातली मंगळसूत्राची पोत काढून ठेवली. हलकं वाटलं. मी काय करणार आहे ते मला माहीत आहे, आणि मला वाईट वाटत नाहीये. वाटायला हवं. वाटत नाही.

दुपार

आली. हाक आली. पायऱ्यांवर — पाणी ठिबकतंय —

घरातून कोण?

त्याने तोंड उघडायच्या आधी मी ओरडले. दारातून, जीव खाऊन. योगेंद्र! योगेंद्र येईल! घर त्याचं आहे, घास त्याने खाल्लाय!

तो दार धडधडवू लागला. माझं नाव घेत होता. दीपमाला, दीपमाला — त्यांना सांगत होता की मला विनवत होता, कळलं नाही. मग थांबला. एकदम. चपला काढल्याचा आवाज. ओट्यावरून उतरला. किंचाळला नाही. मला वाटलं होतं किंचाळेल.

खिडकीतून पाठ दिसली. कुणी धरलेलं नव्हतं. पाण्यात गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत — मान वळवली नाही एकदाही. लग्नाचा नवा सदरा अंगात होता.

मी त्याला पाठवलं. त्याने मला पाठवलं होतं. फिटलं.

कडी मात्र बाहेरूनच आहे.

दिवस कलता

ठक ठक थांबलं. घर झालं वाटतं. खिडकीतून छप्पर दिसतं — कौलं, सगळी कौलं. धूर निघतोय. पाण्यावर, धूर —

ओरडून घसा बसला. पाडा रिकामा. कुणी नाही. पोटात पीळ पडतोय. कालपासून —

पावलं. ओट्यावर. ओली —

कडी निघाली.

दार उघडलेलं नाही. नुसती कडी. फटीतून पान आत सरकलं, पळसाचं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. वर मिरचीचा ठेचा, तेल सुटलेला. वाफ निघतेय.

त्याचाच आवाज. घशात पाणी. माया तीच, अगदी तीच — “दीपा, खाई ले. भूक लागनी व्हई.”

नाही. मला माहीत आहे. या घासाचं काय होतं ते मला माहीत आहे, मी इथे लिहून ठेवते आहे, मी खाणार नाही —

तो बाहेर बसलाय. वाट बघतोय. घाई नाही म्हणतो.

पीळ — डोळ्यांपुढे अंधारी — आईकडच्या चुलीचा वास, तसाच, हुबेहूब —

पान दूर सारते. हाताने सारायला हवं, पाय लावू नये अन्नाला. फक्त दूर सारते. बोटांना गरम लागतंय, किती मऊ आहे, एवढंच बघते आणि —